चूळ

आज सकाळी दात घासून झाल्यावर मी चूळ भरली आणि ती थुंकायच्या ऐवजी गिळून टाकली. एवढंच झालं. पेस्टचा फेस, नळाचं गार पाणी, सगळं गटकन खाली गेलं आणि मी बेसिनवर वाकलेली तशीच राहिले. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं, वेंधळी कुठली, म्हणालं असतं. मीही हसून बघितलं. पण हसू अर्ध्यावरच राहिलं. थुंकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. गेली बारा वर्षं, आठवड्यातले चार दिवस, मी शहरातल्या लोकांना मिनीबसमध्ये घालून दीड तासावरच्या खोऱ्यात नेते, तिथल्या वायनरी दाखवते, वाइन कशी चाखायची ते शिकवते. पेला तिरका धरा, रंग बघा, नाक आत घाला, लाजू नका, नाक तुमचंच आहे. आता एक घोट तोंडात घ्या, सकाळी चूळ भरता ना, तसा तो गालांतून खेळवा, आणि मग या मगात थुंका. ज्यांना गिळायचा त्यांनी खुशाल गिळा, सुट्टी तुमची आहे. मी गिळत नाही. यावर लोक हसतात, दरवेळी, अगदी त्याच जागी. दिवसाला पंधरा-सोळा वाइन माझ्या तोंडात येतात आणि सगळ्याच्या सगळ्या मगात पडतात. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की एकदा मैत्रिणीच्या सासूबाईंनी दिलेल्या चहाचा पहिला घोट मी गालांतून फिरवून परत कपात थुंकला होता. सासूबाई अजून 'ती चहा थुंकणारी आली नाही का' असं विचारतात. तर असं हे माझं तोंड. त्याला थुंक म्हणून सांगावं लागत नाही. आणि आज ते मला न विचारता गिळून मोकळं झालं होतं.

"काय गं, बेसिनपाशीच झोपलीस का?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. आई शहात्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण कान असे तिखट की शेजारच्या घरात चमचा पडला तरी कुठला पडला ते सांगेल. "आले आले," मी म्हणाले आणि उगाच पुन्हा चूळ भरली, मुद्दाम मोठ्यानं थुंकली, तिला ऐकू जाईल अशी. आणि थुंकताना मला परवाचा शनिवार आठवला. आठवला म्हणजे काय, तो गेला नव्हताच; दोन दिवस दाराआड उभा होता आणि आता आत आला. शनिवारी चौथ्या वायनरीतून पाहुणे बसमध्ये चढले तेव्हा मी माझा मग धुवायला मागे आले होते. हा मग माझा स्वतःचा आहे, पांढरा, इनॅमलचा, कडेचा टवका उडालेला, आणि तो मी दुसऱ्या कोणाला धुऊ देत नाही. नळाखाली धरायला गेले तर तो कोरडा. आत एक थेंब नाही, डाग नाही. पाच वाइन ओतल्या होत्या, पाचांवर मी पाच भाषणं ठोकली होती. मला वाटलं, इथल्या मुलीनं विसळला असेल. पिशवीत टाकला आणि निघाले. आज बेसिनवर वाकलेली असताना आठवलं की त्या दिवशी धुणीभांडी करणारी मुलगी दाढ दुखते म्हणून दुपारीच घरी गेली होती. तिला लवंग मीच दिली होती. मग त्या पाच वाइन कुठे गेल्या? आणि येताना बसमध्ये मी गुणगुणत होते. मला गाणं येत नाही, मी गुणगुणत नाही. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला होता, "ताई, आज स्वारी खुशीत दिसतेय."

ही नोकरी धरताना आईनं माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता. मग म्हणाली, "तुझं नाक आहे, मला माहीत आहे. त्या नाकाचं कर काय करायचं ते. पण गिळायचं नाही. एक थेंब गिळलास तर मला सांगायचं, आणि त्या दिवशी काम सोडायचं." मी म्हणाले, बरं. बारा वर्षं मला त्यात काही अवघड वाटलं नाही. मी तर उलट ऐटीत असायचे. सगळ्या खोऱ्यात माझी ख्याती होती, की बाई सगळं चाखते आणि कोरडी राहते. आज सकाळी चहा पिताना मी प्रत्येक घोट मोजून गिळत होते. हा मी गिळला. हाही मीच गिळला. आई समोर बसून पावाचा तुकडा चहात बुडवत होती आणि माझ्या गळ्याकडे बघत होती, किंवा मला तसं वाटलं.

बस आठला निघाली. पाहुणे सात. ड्रायव्हरला आम्ही 'सावकाश' म्हणतो, कारण तो तोच शब्द बोलतो, ओव्हरटेक करताना जरा जास्तच. पुढच्या सीटवर एक निवृत्त हेडमास्तर, टोपी मांडीवर, वही उघडून बसलेले. मागे एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि चार बायका, ऑफिसातल्या मैत्रिणी, ज्या निघाल्यापासूनच हसत होत्या. शहर संपलं, गोदामं संपली, रस्ता चढायला लागला आणि वळणावर खोरं उघडलं. हे वळण मला आवडतं. उतारावर वेलींच्या रांगा खाली ओढ्यापर्यंत जातात, मधेच एखादं लाल छप्पर, आणि प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एकेक गुलाबाचं झाड. पाहुणे दरवेळी म्हणतात, वा, किती हौशी लोक. मग मी सांगते, हौस नाही हो, राखण आहे. भुरी नावाचा रोग असतो, तो आधी गुलाबाला धरतो आणि मग वेलीला. शेतकरी गुलाबाकडे बघून ओळखतो की आता फवारणी करायला हवी. आज हे सांगताना माझी जीभ जड झाली. वेल वाचावी म्हणून आधी आजारी पडायला जे झाड लावतात, त्या झाडाला कोणी विचारतं का? मला त्या गुलाबांचं नेहमीच वाईट वाटत आलंय, पण आज त्यांची भीती वाटली.

पहिली वायनरी नवरा-बायकोची आहे. दोघंच सगळं करतात, भांडतातही सगळ्यांसमोर. मालकीणबाईंनी गार पांढरी वाइन ओतली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका, तुम्ही बोललात की आंबट लागते." पाहुणे खूश. मी पेला नाकाशी धरला. लिंबाची साल, कच्ची नासपती, आणि मागे शाळेची पाटी ओल्या फडक्यानं पुसल्यावर येतो तो वास. "पाटी!" हेडमास्तर ओरडले, "अहो, खरंच पाटी!" आणि त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला. या एका क्षणासाठी मी हे काम करते. माणसाला नाक असतं हे माणूस विसरलेला असतो, आणि कोणीतरी हाताला धरून त्याला त्याच्याच लहानपणात नेऊन सोडतं. मी घोट घेतला. गालांतून खेळवला. जिभेच्या कडांना लिंबू झोंबलं, टाळ्याला गारवा लागला, सगळं रोजच्यासारखं होतं. नंतर मी मग तोंडाशी नेला आणि थुंकले, आणि थुंकल्यावर मगात वाकून बघितलं. होती. पिवळसर, बुडबुडे आलेली, मगाच्या तळाशी. मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा बघितलं. मालकीणबाई म्हणाल्या, "काय हो, अंगठी पडली का आत?" सगळे हसले. मीही हसले. गुलाबी वाइनच्या वेळीही मी बघितलं, तांबडीच्या वेळीही. तिन्ही होत्या. पण गिळलेली मगात दिसत नाही, थुंकलेलीच दिसते; आणि थुंकलेली पुरी आहे की पोटात काही गेलंय, ते कोण सांगणार? मी जिभेनं दातांच्या मागे चाचपून बघत राहिले.

बसमध्ये हेडमास्तरांनी टोपी नीट केली आणि जरा पुढे झुकून हळू आवाजात विचारलं, "राग मानू नका हं. तुम्ही स्वतः घेता का?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "मी चव घेते, सर." तेही हसले, वहीत लिहिलंसुद्धा असेल. आपल्या भाषेत हा शब्द मोठा साळसूद आहे. औषध घेतो, सुट्टी घेतो, मुलाला कडेवर घेतो, आणि मागे काहीच न लावता नुसतं 'तो घेतो' म्हटलं की सगळ्यांना कळतं काय घेतो. शेजारणी आईला विचारायच्या, "घेतात का हो?" आणि आई म्हणायची, "छे हो, वास तरी येतो का?" येत नव्हता, कारण बाबा घरात पाऊल टाकायच्या आधी चूळ भरायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये होतं. बाबा नकाशे काढायच्या कचेरीत होते. डोंगराच्या उंचीच्या रेषा इतक्या बारीक ओढायचे की त्यांना पेन्सिल सतत टोकावी लागायची; कोटाच्या खिशात लाकडाच्या साली, शिसाची भुकटी आणि पेपरमिंटच्या गोळ्या. दिवेलागणीला जिन्यावर पाय वाजायचे, मग नळ, मग चुळा. आणि आई स्टोवर काहीतरी ढवळत मला म्हणायची, "जा, बाबांना टॉवेल दे."

टॉवेल हे निमित्त होतं. मी सहा वर्षांची असल्यापासून ते माझं काम होतं. टॉवेल द्यायचा, बाबा तोंड पुसत खाली वाकायचे, माझ्या गालाला गाल लावायचे, आणि तेवढ्यात मी श्वास आत ओढायचा. पेपरमिंट वर असायची. तिच्या खाली पाण्याचा वास, त्याच्या खाली पेन्सिलीचा, आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, ते असायचं किंवा नसायचं. आज लोक मला विचारतात की हे शिकलात कुठे. मी सांगते, एक कोर्स केला होता. मग मी स्वयंपाकघरात यायचे. आई वळायची नाही, नुसत्या भुवया उचलायची. मी मान उभी हलवली की आई हात लांब करून स्टो बंद करायची. त्या स्टोची घरघर बंद झाली की घरात जे व्हायचं त्याची मला अजून भीती वाटते. भांडण नाही, रडणं नाही. आई स्टोसमोर बसून राहायची, बाबा बाहेर खुर्चीवर, आणि मधे मी, उपाशी. मान आडवी हलवली की स्टो चालू राहायचा. नऊ वर्षांची असताना एकदा बाबांनी गाल लावला आणि तसाच लावून ठेवला. म्हणाले, "सांगू नकोस हं. एकच घोट गं, बयो. खरंच." त्यांचा आवाज पाण्यानं ओला होता. मी आत गेले आणि मान आडवी हलवली. स्टो चालू राहिला, आम्ही जेवलो, बाबांनी एक विनोद सांगितला आणि आई हसली. पुढची चार वर्षं मी मान आडवीच हलवत होते. तेराव्या वर्षी बाबांचे डोळे पिवळे झाले आणि अकरा दिवसांत ते गेले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आईला विचारलं, "कधीपासून घेतायत?" आईनं माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होते. ते माझ्याकडून आजपर्यंत सांगून झालेलं नाही.

दुसरी वायनरी मोठी आहे, दुमजली स्टीलच्या टाक्या, त्यांवर घाम आलेला, आणि पांढऱ्या कोटातली एक प्रयोगशाळावाली, जिचा मला एरवी फार हेवा वाटतो, कारण तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला आकडा असतो. ती नव्या जोडप्याला साखरेची दारू कशी होते ते सांगत होती. "यीस्ट साखर खातं, खात सुटतं, त्याला थांबता येत नाही," ती म्हणाली, "शेवटी स्वतःच केलेल्या दारूत मरतं." जोडप्यातली ती म्हणाली, "ई, बिच्चारं." मी मगात बघत होते. थुंकले होते. नीट थुंकले होते, मगाबाहेर शिंतोडेसुद्धा उडाले होते, इतकं जोरात. पण माझं तोंड आता मला परकं वाटायला लागलं होतं. घोट आत आला की गळा हलायचा, थोडासा, कोणाला न दिसण्याइतका, दार उघडावं की नाही अशा विचारात असलेल्या माणसासारखा. मी गळ्यावर बोटं ठेवून उभी राहिले. ऑफिसातल्या मैत्रिणींपैकी एकीनं विचारलं, "मॅडम, घसा दुखतोय का?" मी म्हणाले, "हो, जरा." बाहेर येऊन उन्हात उभी राहिले तरी हातावरचा काटा जाईना. सावकाश बोनेटला टेकून बिस्किट खात होता. "ताई, बरं नाही का?" म्हणाला, "तिसरी टाळू या का? बुधवारी करू." मी त्याला जवळजवळ हो म्हणाले होते. मग वाटलं, टाळली तर ती उद्या असेल, परवा असेल. आणि खरं कारण सांगू? तिसरी पिंपवाल्यांची होती. मला तिथं जायचं होतं.

पिंपवाले सत्तरीचे, एकटे, फटकळ. दहा-बारा रांगा वेली आणि टेकडीत खणलेलं एक तळघर. तिथं लाकडी पिंपं आडवी निजलेली असतात आणि प्रत्येकाच्या पोटावर खडूनं तारीख. म्हाताऱ्याचं माझ्याशी एक जुनं भांडण आहे. "आली थुंकणारी!" दारातच म्हणाले. "मंडळी, ही बाई बारा वर्षं माझ्या जन्माची कमाई मगात थुंकतेय. एखाद्या दिवशी गिळ गं, मरणार नाहीस." नेहमी मी म्हणते, मेले तर तुमच्या दारात मरेन, निस्तरत बसाल. आज मला ते म्हणता येईना. आत गारठा होता, एकच पिवळा दिवा, जमिनीवर ओली वाळू. त्यांनी एका पिंपाचं बूच काढलं, लांब काचेची नळी आत सोडली, वरचं तोंड अंगठ्यानं दाबून नळीभर वाइन वर काढली आणि सगळ्यांच्या पेल्यांत थोडी थोडी सोडली. "ही अजून बाटलीत गेलेली नाही. तिसरं वर्ष चालू आहे. आज पहिल्यांदा बाहेरचं कोणी चाखतंय." काळसर तांबडी, कडेला विटेचा रंग. मी पेला नाकाशी नेला. आधी काळी मनुका. मग ओलं लाकूड. मग, त्याच्या खाली, एकदम, नुकतीच टोकलेली पेन्सिल.

हा वास वाइनमध्ये येतो. ओक लाकडाच्या पिंपातल्या तांबड्या वाइनला येतोच, मी शेकडो वेळा पाहुण्यांना तो दाखवला आहे, 'शिसपेन्सिल बघा, सापडली का?' असं विचारलं आहे. पण ती नुसती पेन्सिल नव्हती. तिच्यावर काहीतरी गार होतं, पुदिन्यासारखं, आणि तिच्याखाली पाणी. तो कोटाचा खिसा होता. मी डोळे मिटले आणि घोट तोंडात घेतला, आणि हिरड्या तुरटपणानं आवळल्या, आणि मग तो तुरटपणा हळूहळू सुटत गेला, गालांच्या आत ऊब पसरली, आणि कोणीतरी वाकून माझ्या गालाला गाल लावला. एकतीस वर्षांनी. मला थुंकायचं होतं. मग माझ्या हातात होता, हनुवटीपर्यंत आणलाही होता. पण थुंकायचं म्हणजे ते सगळं त्या टवका उडालेल्या मगात जाणार, लाळेत. गिळायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मी तोंड मिटून उभी राहिले. घोट कोमट व्हायला लागला. पिंपवाले दिवा मागे असल्यामुळे नुसत्या सावलीसारखे दिसत होते, पण ते माझ्याकडे बघतायत हे कळत होतं. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, हा कसला वास हो? मला अगदी ओळखीचा वाटतोय, पण नाव येत नाही." सातही जण माझ्याकडे वळले. बोलायला तोंड रिकामं हवं. मी गिळला. त्यात चूक नव्हती, वेंधळेपणा नव्हता, तोंडानं मला फसवलंही नव्हतं. मी गिळला, तो खाली जाताना मला पूर्ण वाटेवर कळत होतं, आणि देवाशपथ सांगते, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. "पेन्सिल," मी म्हणाले. "टोकलेली पेन्सिल, सर." आणि त्या बरं वाटण्यानंच माझी बोबडी वळली, शब्द नीट फुटेना. कोणाच्या ध्यानात आलं नाही. फक्त पिंपवाले नळी पुसत जवळ आले, माझ्या कोरड्या मगात डोकावले. पुढची वाइन त्यांनी मला ओतली नाही.

परतीला मी गुणगुणले नाही. ओठ घट्ट मिटून बसले होते, जणू उघडले तर वास बसभर सुटेल. मला कळत होतं की एका घोटानं कोणी दारुडं होत नाही. हे वाक्य मी मनात म्हटलं आणि ते ऐकून जीव दचकला, कारण हे वाक्य माझं नव्हतं. ते कोणत्याही बेसिनपाशी उभ्या असलेल्या कोणाचंही असू शकलं असतं. आज सांगायचं, आज काम सोडायचं, ठरलेलं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय येतं मला? वास येतात. आणि शनिवार? आज एक घोट मी जाणून गिळला, पण शनिवारचे पाच मी न जाणता गिळले, आणि त्याआधी किती शनिवार असतील ज्यांचा मग मी न बघताच नळाखाली धरला? मी मागे मागे जाऊन एकेक मग आठवत राहिले, पण सगळे मग पांढरे आणि सारखे होते. सावकाशनं मला घराच्या कोपऱ्यावर सोडलं. "आराम करा, ताई," म्हणाला.

सहा वाजले होते, जिन्यात अजून उजेड होता. दार लोटून मी पिशवी ठेवली आणि सरळ बेसिनपाशी गेले. नळ सोडला, चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली, थुंकली. तिसऱ्यांदा ओंजळ तोंडाशी नेली आणि हात तिथंच थांबला. स्वयंपाकघरात आई पातेल्यात पळी फिरवत होती, तो आवाजही थांबला होता. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं. मी तोंड न पुसता आत गेले.

"आई, इकडे बघ. मी फुंकर मारते. वास येतो का सांग."

"खुळी का काय तू? कसला वास?"

"तू सांग तर."

मी तिच्या तोंडासमोर श्वास सोडला. बारा वर्षं मी लोकांची नाकं बघत आले आहे. नाकाला काही सापडलं की ते क्षणभर थांबतं, नाकपुड्या किंचित उघड्या राहतात, डोळे कुठेच बघत नाहीत. आईचं नाक थांबलं. मग ती वळली, गॅस मोठा केला आणि म्हणाली, "नाही. काही वास नाही. हातपाय धू, जेवायला बस."

तळघरात वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. "आई, खोटं बोलू नकोस."

"नाही म्हटलं ना एकदा?"

"मीही असंच म्हणायचे. चार वर्षं. बाबांना वास यायचा, आई. रोज यायचा. मी तुला नाही म्हणायचे."

आई पातेल्यात बघत राहिली. तिच्या मानेवरचे पांढरे केस सुटले होते. पळी पातेल्याच्या कडेला टेकवून म्हणाली, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"एक चूळ असली की काही नसायचं. तीन असल्या की घेतलेली असायची. मला इथपर्यंत ऐकू यायच्या. तुझ्या नाकाचं मला काय अडलं होतं?"

"मग मला का पाठवायचीस?"

"कुणीतरी नाही म्हणावं म्हणून," आई म्हणाली. "तू नाही म्हणालीस की मला स्टो चालू ठेवता यायचा. जेवायला घालायचं होतं तुला."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एकटीनं बाबांना मारलं. आता त्या जागी आम्ही दोघी होतो, आणि त्यानं काही हलकं वाटेना. उलट आता घरात असं कोणीच उरलं नव्हतं, जे आजवर खरं बोललं होतं. "आज नाही म्हणू नकोस गं," मी म्हणाले. माझा आवाज मला लहान मुलीसारखा ऐकू आला. आईनं हात लांब केला आणि गॅस बंद केला. एकदम शांत झालं. ती हळूहळू, गुडघा सांभाळत माझ्याकडे वळली, दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून खाली ओढला. "फुंक," म्हणाली. मी फुंकलं. तिनं या वेळी डोळे मिटून, पूर्ण श्वास आत घेतला.

"येतोय," ती म्हणाली.

तिचे हात गार होते. तिनं ते काढले नाहीत. मोतीबिंदूचा डोळा आणि चांगला डोळा, दोन्ही माझ्या तोंडावर लागलेले. "किती?" तिनं विचारलं. आता सगळं सांगायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं, कोरडा मग, शनिवार, पाच पेले, गुणगुणणं. आणि मी बघितलं की तिची हनुवटी थरथरतेय.

"एकच घोट गं," मी म्हणाले. "खरंच."

शनिवार मी गिळून टाकला.